सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल असताना बहिणीच्या बाळाला टीजीए निघाला. चार दिवसांच्या बाळाच्या शस्त्रक्रियेची इतकी घाई कशासाठी?

घाईचे कारण आधी सांगतो. टीजीए म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जन्मजात अदलाबदल. या दोषात महाधमनी उजव्या कप्प्यातून आणि फुप्फुसाची धमनी डाव्या कप्प्यातून निघते, त्यामुळे अशुद्ध रक्त पुन्हा शरीराकडेच जाते आणि शुद्ध झालेले रक्त फुप्फुसातच फिरत राहते. जन्मानंतर फुप्फुसातला दाब उतरत जातो, तसे डाव्या कप्प्याचे काम हलके होऊन त्याचा स्नायू काही आठवड्यांतच पातळ पडू लागतो, आणि मग धमन्या योग्य जागी बसवल्या तरी सगळ्या शरीराचा भार त्याला पेलवत नाही. म्हणून हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र नसेल, तर शस्त्रक्रिया सहसा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात.

सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे जागच्या जागी दिसतात. एरवी एकमेकींना ओलांडणाऱ्या धमन्या येथे समांतर जातात, आणि त्या मुद्दाम पाहिल्या नाहीत तर दोष निसटतो.

मी तालुक्याच्या गावी नवजात बाळे पाहतो. एका आईने रात्रीच सांगितले होते, की दूध पिताना बाळाचे ओठ काळसर होतात. थंडीमुळे असेल, असे तिला सांगण्यात आले, याची खंत मला अजून आहे. सकाळी मी पाहिले तेव्हा रडणे खणखणीत होते, छातीला खड्डे पडत नव्हते, हृदयात मर्मरही (ठोक्यांमधला जादा आवाज) नव्हती. जीभ मात्र जांभळी होती. उजव्या हातावर ऑक्सिजन ७४ टक्के भरला आणि हूडमधून (डोक्यावर ठेवायच्या पारदर्शक डब्यातून) दहा मिनिटे ऑक्सिजन देऊनही आकडा ७७ च्या पुढे सरकला नाही. दुखणे फुप्फुसाचे असते, तर तो बहुधा बराच वर चढला असता. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, सोय नव्हती, तरी हृदयतज्ज्ञांशी फोनवर बोलून आम्ही प्रोस्टाग्लँडिनचे ठिबक लगेच सुरू केले. त्याने या दोन धमन्यांना जोडणारी, जन्मानंतर मिटू लागणारी वाहिनी उघडी राहते आणि शुद्ध-अशुद्ध रक्त थोडे तरी मिसळते. मात्र श्वास थांबण्याचा धोका असल्यामुळे रुग्णवाहिकेत व्हेंटिलेटर लागतो.

रक्त पुरेसे मिसळत नसेल, तर शिरेतून फुगा नेऊन वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र रुंद करतात. विल्यम रॅशकाइंड यांनी ही पद्धत १९६६ मध्ये मांडली. धमन्यांची अदलाबदल करणारी शस्त्रक्रिया १९७५ मध्ये ब्राझीलचे अदिब जातेने यांनी प्रथम यशस्वी केली. तीत खरा कस लागतो तो जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृदयधमन्या नव्या जागी जोडताना, त्यामुळे त्यांची रचना कशी आहे आणि त्या केंद्रात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, हे शल्यविशारदांना निःसंकोच विचारा. अनुभवी केंद्रांत बहुतेक बाळे वाचतात.

बाळ महाराष्ट्रात असेल, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आजच करा. बहिणीला दूध काढत राहायला सांगा. शस्त्रक्रियेनंतर ते बाळाला नळीने देता येते.