वाचकांचे प्रश्न : शोरूममधलं हत्यार रणात चालतं का?

मागच्या अंकात लढाऊ विमानांवर दोन पानं काय छापली, पत्रांचा आणि मेसेजेसचा नुसता पाऊस पडलाय. फिरून फिरून मुद्दा एकच, की कागदावर एवढं भारी असलेलं हत्यार खऱ्या लढाईत किती चालतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली सहा पत्रं घेतो.

सर, टीव्हीवर रोज संध्याकाळी कुठलं तरी मिसाईल दाखवतात आणि अँकर ओरडून सांगतो, अचूकता शंभर टक्के. आमचे काका सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते बघून नुसते हसतात. खरं कोण? – एक वाचक, कराड

काका. आता का ते सांगतो, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

1991 चं आखाती युद्ध. सद्दामचा इराक सौदी आणि इस्रायलवर स्कड मिसाईलं सोडतोय, ती हवेतच पाडायला अमेरिकेने पॅट्रियट ही मिसाईल सिस्टिम लावलीय, आणि रात्रीच्या आकाशात उडणाऱ्या ठिणग्या सगळं जग टीव्हीवर बघतंय. राष्ट्राध्यक्ष थोरले बुश 15 फेब्रुवारीला पॅट्रियट बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन सांगून आले की 42 स्कडवर मारा केला, 41 पाडली. त्यानंतर दहाच दिवसांनी, 25 फेब्रुवारीला, सौदीतल्या धाहरानला एक स्कड सरळ अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर येऊन पडलं, 28 जण गेले, आणि तिथे राखणीला बसवलेल्या पॅट्रियटने त्याच्यावर एक मिसाईलसुद्धा सोडलं नव्हतं.

झालं काय होतं, तर घड्याळ चुकलं होतं. खरंच. ही सिस्टिम वेळ मोजायची सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि एक दशांश हा आकडा कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत पुरता लिहिताच येत नाही, आपण एकाला तीनने भागलं की 0.333 संपतच नाही ना तसं, मग तो कुठेतरी तोडावा लागतो, इथे 24 बिटांत तोडला. उरलेला तुकडा इतका बारीक की कुणी लक्षही देणार नाही. पण धाहरानचं ते पॅट्रियट सलग शंभर तासांच्या वर चालू होतं आणि तेवढ्यात फरक साचला साधारण 0.34 सेकंदाचा. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त जातं, म्हणजे रडार अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त भलतीकडे बघत बसलं, तिथे काही दिसेना, मग काही नाहीच असं समजून गप्प राहिलं.

बरं, डिझाइन करणारे लोक काही येडे नव्हते. हे यंत्र मुळात विमानं पाडायला बनवलेलं, थोडे तास चालवायचं, जागा बदलायची, परत मांडायचं, म्हणजे बंद-चालू होतच राहणार आणि बंद केलं की घड्याळ परत शून्यावर. दिवसचे दिवस एकाच जागी ठेवून चालवतील असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. इस्रायलींच्या ते दोन आठवडे आधीच लक्षात आलं होतं, त्यांनी कळवलंही. मग वरून युनिट्सना सूचना गेली की फार वेळ सलग चालवलं तर गडबड होऊ शकते. फार वेळ म्हणजे किती, ते कुणी लिहिलंच नाही! दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं 26 फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.

आणि त्या 42 पैकी 41 चं काय झालं? युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराने स्वतःच आकडे खाली आणले, एमआयटीचे प्राध्यापक पोस्टोल यांनी व्हिडिओ एकेक फ्रेम बघून म्हटलं की खरे नेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा नसतील, आणि अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या खात्याने 1992 मध्ये सांगितलं की अगदी भक्कम पुरावा आहे तो साधारण 9 टक्क्यांनाच. मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते ती ही, की इराक्यांनी पल्ला वाढवायला स्कडची जोडतोड करून लांबी वाढवली होती आणि ती जोडतोड इतकी कच्ची की उतरताना मिसाईल हवेतच तुटायचं, वेडंवाकडं गिरक्या घेत यायचं, त्यामुळे पाडायला आणखी अवघड. म्हणजे भिकार वेल्डिंग हेच त्यांचं टेक्नॉलॉजी झालं.

पण लगेच पॅट्रियट भंगार आहे असं काकांना सांगू नका. मे 2023 मध्ये कीववर आलेलं रशियाचं किंझाल मिसाईल, जे पाडताच येत नाही म्हणून मिरवलं जात होतं, ते पॅट्रियटनेच पाडलं. नाव तेच, मध्ये बत्तीस वर्षांची दुरुस्ती.

टेस्टिंग नीट केली तर असे घोटाळे होणारच नाहीत ना? – इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी, सांगली

होतील रे, कमी होतील. पण नीट टेस्टिंग करू देतं कोण? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांकडे मार्क 14 नावाचा टॉर्पेडो होता, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारं हत्यार. एकेक इतका महाग की शांततेच्या काळात खरा फोडून बघायला जीव होईना, सरावाला पुढच्या टोकात स्फोटकाऐवजी पाणी भरायचे आणि परत उचलून आणायचे. युद्ध सुरू झालं आणि कॅप्टन लोकांच्या तक्रारी सुरू, आम्ही नेम धरतोय, काही होत नाही. टॉर्पेडोच्या खात्याचं उत्तर ठरलेलं, तुमचा नेम चुकतोय. (हे वाक्य ऐकल्यावर सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या प्रत्येकाला ओळखीचं वाटेल.)

शेवटी जून 1942 मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडमिरल लॉकवूड यांनी काय केलं, कोळ्यांचं जाळं विकत घेतलं, समुद्रात टांगलं आणि त्यातून टॉर्पेडो सोडले. जाळ्याला भोक कुठे पडलं ते मोजलं. ठरवलेल्या खोलीपेक्षा दहा-अकरा फूट खालून जात होते, म्हणजे जहाजाच्या पोटाखालून आरामात पार. हे सुधारलं तर कळलं की जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागली की स्फोट करणारा चुंबकी फ्यूज भलत्याच वेळी स्फोट करतोय. तो बंद केला तर त्याच्यामागे तिसरं दुखणं लपलेलं, टॉर्पेडो बरोबर काटकोनात जाऊन आदळला की आतली पिन वाकायची आणि स्फोटच व्हायचा नाही, तिरका लागला तर उडायचा. म्हणजे ज्याचा नेम सगळ्यात चांगला त्यालाच सगळ्यात जास्त शिक्षा! जुलै 1943 मध्ये टिनोसा पाणबुडीने जागेवर थांबलेल्या जपानी जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले, धडाधड आदळले, फुटेनात, तेव्हा वैतागलेल्या कॅप्टनने शेवटचा एक मुद्दाम शिल्लक ठेवून पर्ल हार्बरला परत आणला की घ्या, बघा आता तुम्हीच. तिथे क्रेनवरून लोखंडी पत्र्यावर टाकून बघितले तेव्हा पिनचं भांडं फुटलं. पण तोपर्यंत युद्धाची पावणेदोन वर्षं गेली होती.

एक जोडून सांगतो. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश अणुपाणबुडी कॉन्कररकडे नवा, स्वतः लक्ष्य शोधणारा टायगरफिश टॉर्पेडो होता, तरी अर्जेंटिनाची बेल्ग्रानो युद्धनौका बुडवताना कॅप्टनने जुन्या बनावटीचे, सरळ रेषेत जाणारे मार्क 8 वापरले. नव्यावर भरवसा नव्हता.

आम्ही देवळालीजवळ राहतो, लहानपणापासून तोफांचे आवाज ऐकतोय. बोफोर्स म्हटलं की आमच्या वडिलांना घोटाळा आठवतो आणि मला कारगिल. एकच तोफ दोन्ही कशी? – एक वाचक, नाशिक

घोटाळा पैशांचा होता हो, तोफेचा नव्हता. 1986 मध्ये 410 तोफा घेतल्या, नंतर जे काही झालं ते तुमच्या वडिलांना पाठ असेलच. त्याचा लष्कराला बसलेला फटका मात्र कुणी सांगत नाही, कंपनी काळ्या यादीत गेली, सुटे भाग मिळेनात, मग एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावायचे, आणि तोफ इथे बनवायची म्हणून आलेली ड्रॉइंग्ज वर्षानुवर्षं पडून. त्याच कागदांवरून पुढे जबलपूरला धनुष झाली, पण तोपर्यंत तीस वर्षं गेली.

1999 मध्ये द्रासला या तोफा गेल्या तेव्हा त्यांनी असं काम केलं ज्यासाठी त्या मुख्यतः घेतलेल्याच नव्हत्या. एवढी मोठी तोफ साधारणपणे डोंगराआडून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर, उंच कमान करून मारा करते. तोलोलिंग, टायगर हिलला ती समोरून, डोळ्याला दिसणाऱ्या बंकरवर थेट रोखून चालवली, एखादी बंदूक रोखावी तशी. आणि दहा-पंधरा हजार फुटांवर हवा विरळ, त्यामुळे गोळा पुस्तकातल्या पल्ल्यापेक्षा पुढे जातो, ऐकायला बरं वाटतं पण पुढे जातो म्हणजे चुकतो, सपाटीवरचे तक्ते तिथे कामाचे नाहीत, मारून बघून हिशेब परत बसवावा लागतो. हे बसवणारी माणसं बरीचशी तुमच्या देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीतच शिकलेली, ते विसरू नका.

विरळ हवेने विमानांनाही दणका दिला. 27 मे ला मिग-27 चं इंजिन रॉकेट सोडल्यावर बंद पडलं, वैमानिक नचिकेता पकडले गेले. इन्सास रायफलच्या प्लॅस्टिक मॅगझिनला थंडीत तडे गेले, हेही तेव्हाच गाजलं. उलट मिराज विमानांना लेझर बॉम्ब आणि नेमाचं उपकरण घाईघाईत जोडून घेतलं होतं आणि 24 जूनला टायगर हिलवर ते बरोबर बसलं. घाईचं काम नेहमी फसतंच असं नाही म्हणजे.

नगरच्या टँक म्युझियममध्ये पॅटन बघितला. एवढा भारी होता तर 1965 ला पडला का? – एक वाचक, श्रीगोंदा

थोडक्यात सांगतो. पॅटनचं अंतर मोजायचं यंत्र दोन डोळ्यांनी बघून जुळवायचं, नाजूक, त्याला मुरलेला हात लागतो आणि पाकिस्तानी पोरांना तेवढा सराव नव्हता. आपले लोक सेंच्युरियन रणगाड्यांवर साध्या पद्धतीने, एक गोळा टाक, कुठे पडला बघ, पुढचा दुरुस्त कर. त्यात पंजाबातल्या असल उत्तरला आपण शेतांत पाणी सोडलेलं, उभा ऊस, पॅटन चिखलात रुतले. ट्रॅक्टर शोरूममध्ये बघावा आणि चिखलणीला बघावा, तसलाच प्रकार. तिथे डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचं नेतृत्व करत होते आपले अरुणकुमार वैद्य, पुढे सरसेनापती झाले ते, आणि त्यांच्याकडे महायुद्धातले जुने शर्मन रणगाडे होते.

भाऊ, युक्रेनला दिलेल्या जीपीएसवाल्या तोफगोळ्यांचं काय झालं? आधी खूप कौतुक, मग एकदम बातम्याच बंद. – एक वाचक, सध्या मुक्काम जर्मनी

बातम्या बंद झाल्या कारण रशियाने सिग्नल बंद केले. एक्सकॅलिबर नावाचा तो गोळा, एकाची किंमत लाख डॉलरच्या घरात, सुरुवातीला सांगाल त्या खिडकीत जायचा. मग रशियाने जॅमर लावले, गोळ्याला आपण कुठे आहोत तेच कळेना, आणि 2024 मध्ये युक्रेनच्याच अहवालांतून बाहेर आलं की परिणाम दहा टक्क्यांच्याही खाली गेलाय. गोळ्यात बिघाड काहीच नाही, तो पहिल्या दिवशी होता तसाच आहे, समोरचा बदलला. हे युद्धाचं वैताग आणणारं गणित आहे, तुम्ही हत्यार जितकं जास्त वापराल तितका शत्रू त्याचा अभ्यास करतो.

तुम्ही जर्मनीत आहात म्हणून सांगतो, तिकडची पँझरहाउबिट्झ 2000 ही तोफ म्हणजे इंजिनीअरिंगचा नमुना, ती युक्रेनमध्ये महिनाभरात एरर मेसेज दाखवायला लागली, कारण दिवसाला शंभर गोळे म्हणजे अतिवापर असं तिचे लोक धरून चालले होते आणि युक्रेनी त्याच्या पुढे जात होते. उलट तुमच्याकडे निवृत्त करून ठेवलेला गेपार्ड हा विमानं पाडणारा रणगाडा, सत्तरच्या दशकातला, नुसत्या दोन तोफा आणि रडार, तो रशियाचे शाहेद ड्रोन पाडण्यात हिरो झाला. आणि युक्रेनमध्ये ड्रोनपासून वाचायला रस्त्यांवर काय टांगलंय बघितलंत का? युरोपातल्या कोळ्यांनी पाठवलेली जुनी मासेमारीची जाळी. लॉकवूडसाहेब असते तर खूष झाले असते.

4 डिसेंबरला गेटवेवर नेव्हीचा कार्यक्रम बघायला जातो दरवर्षी. कराचीवर मारा केलेल्या त्या छोट्या बोटी एवढ्या भारी होत्या का? – एक वाचक, कुलाबा

बोटी रशियन, ओसा नावाच्या, बनवलेल्या होत्या आपल्या किनाऱ्याजवळ राहून राखण करायला. मुंबईत त्या उतरवण्याइतकी मोठी क्रेन नव्हती म्हणून कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून सगळा देश वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. त्या ओढण्यातून नौदलाला कळलं की यांना लांबही नेता येईल. मग 1971 च्या 4 डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर, सोबत मोठी जहाजं आणि तेलाची बोट घेऊन, कराचीपर्यंत गेल्या आणि खैबर विनाशिका, मुहाफिझ हे सुरुंग काढणारं जहाज बुडवलं. परत आल्या तेव्हा आपली एकही बोट गेली नव्हती.

त्यांच्यावरचं मिसाईल होतं स्टिक्स. याच मिसाईलने 1967 मध्ये इजिप्तच्या बोटींनी इस्रायलची ऐलात ही विनाशिका बुडवली होती, जहाजावरून सोडलेल्या मिसाईलने जहाज बुडण्याची ती जगातली पहिली वेळ. म्हणजे ऐलात झालं, कराची झालं, सगळे म्हणायला लागले की आता स्टिक्सला तोड नाही. इस्रायलने मात्र मार खाल्ला होता ना, त्यांनी सहा वर्षं बसून फक्त त्या एका मिसाईलचा विचार केला. 1973 मध्ये लाताकियाजवळ सीरियाच्या बोटींनी तेच स्टिक्स सोडलं, पल्ला इस्रायली मिसाईलच्या दुप्पट, पण इस्रायली बोटींनी हवेत धातूच्या पातळ पट्ट्यांचे ढग उडवले, रडारला खोटी जहाजं दाखवली, आणि सगळी मिसाईलं त्या ढगांमागे जाऊन पाण्यात पडली. त्या अख्ख्या युद्धात अरबांचं एकही स्टिक्स इस्रायली बोटीला लागलं नाही. कराचीला आणि लाताकियाला मध्ये दोन वर्षंही झाली नव्हती.

तुम्ही पुढच्या वेळी गेटवेला गेलात की फोटो पाठवा, जागा असेल तर छापू.