लॅटिनमधले चार 'कोणी'

'अलिक्विस', 'क्वीदम', 'क्विस्क्वम' आणि 'क्वीवीस' या चारही लॅटिन सर्वनामांपुढे कोशात 'कोणी', 'कोणीतरी' असेच अर्थ सापडतात. मग त्यांत फरक काय, असा प्रश्न आहे. फरक आहे, आणि मराठी कानाला तो फारसा परका नाही.

'दारात कोणीतरी आले आहे' असे म्हणताना माणूस आहे एवढेच ठाऊक असते, तो कोण हे नसते; तिथे 'अलिक्विस' येते. 'काल एक गृहस्थ भेटले' यातला 'एक' मात्र बोलणाऱ्याच्या ओळखीचा असू शकतो, फक्त त्याचे नाव सांगायचे नसते. हा झाला 'क्वीदम'.

'सी' (जर), 'निसी' (जर नाही) यांसारख्या शब्दांनंतर 'अलिक्विस'मधला 'अलि' बहुधा गळतो आणि नुसते 'क्विस' उरते. विद्यार्थी हा नियम घोकतात, पण आपणही 'कोणी आले तर सांग' असेच म्हणतो. 'कोणीतरी आले तर सांग' हे ऐकताना किंचित अडखळायला होते. मराठीभाषकाने तिथे 'तरी' गळाले एवढेच ध्यानात ठेवावे.

आपली फसगत होते ती 'ही'मुळे. 'कोणीही या' आणि 'कोणीही आले नाही' या दोन्ही वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. लॅटिनमध्ये पहिल्यासाठी 'क्वीवीस' येते, ज्यातल्या 'वीस'चा अर्थ 'तुला हवे आहे' असा, म्हणून 'क्वीवीस' म्हणजे 'तुला हवा तो'. दुसऱ्यासाठी 'क्विस्क्वम', जे नकारात, तुलनेत किंवा 'असा एक तरी असेल का' अशा शंकेच्या छायेत वावरते. रोमन प्रहसनकार पुब्लिलियस सायरसचे, तत्त्वज्ञ सेनेकाने उद्धृत केलेले एक वचन ही दोन्ही सर्वनामे चतुर्थीत शेजारी-शेजारी बसवते: 'कुइवीस पोतेस्त अक्किदेरे क्वोद कुइक्वम पोतेस्त.' याचे भाषांतर 'जे कोणावरही ओढवू शकते ते कोणावरही ओढवू शकते' असे केले, तर वाक्य पोकळ होते. 'जे एखाद्यावर ओढवू शकते ते वाटेल त्याच्यावर ओढवू शकते' असे म्हटले की त्यातला डंख जाणवतो. वाक्य नकारार्थी नसूनही इथे 'क्विस्क्वम' चालते, कारण 'जगात एका जरी माणसावर' असा भाव त्यामागे आहे.

भाषांतर करताना आणखी एक पथ्य पाळावे. 'आणि कोणीही नाही' यासाठी 'एत' (आणि) 'नेमो' (कोणी नाही) असे शब्दाला शब्द लावू नये. लॅटिनमध्ये नकार उभयान्वयी अव्ययातच मुरतो आणि 'नेक' (आणि नाही) 'क्विस्क्वम' असा प्रयोग होतो.