किल -९ दिलं तरी मायएसक्यूएल परत चालू होतं, मग सर्व्हिस बंद करायची कशी?

तुमच्या उबुंटू सर्व्हरवर मायएसक्यूएल या डेटाबेसला किल -९ (प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, सक्तीने मारणारी कमांड) दिलं आणि काही क्षणांत ते नव्या पीआयडीने (प्रोसेसच्या नंबरने) परत उभं राहिलं, म्हणून 'सर्व्हर हॅक झालाय का' असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून तरी तसं म्हणता येणार नाही. हे सिस्टमडीचं काम आहे, आणि ते चोख करतंय.

उबुंटूत १५.०४ पासून सर्व्हिसेस (मागे चालत राहणारे प्रोग्राम) सिस्टमडी सांभाळतं. प्रत्येक सर्व्हिसची एक युनिट फाइल असते, ती कशी चालवायची हे त्यात लिहिलेलं असतं. तिच्यात 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' लिहिलेलं असेल, तर किल -९ ने मारलेली प्रोसेस ही सिस्टमडीच्या लेखी कोसळलेली सर्व्हिस; ते ती पुन्हा उभी करणारच. तेव्हा प्रोसेसच्या मागे लागू नका, थेट सिस्टमडीला सांगा:

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप मायएसक्यूएल

यात प्रोसेसला आधी सिगटर्म (बंद हो, असं सांगणारा सिग्नल) जातो, म्हणजे आवरायला वेळ मिळतो. डेटाबेसला हा वेळ लागतोच, मेमरीतला बदललेला डेटा डिस्कवर उतरवायचा असतो. किल -९ मध्ये तो मिळत नाही. इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) पुढच्या वेळी रीडू लॉगवरून (बदलांच्या नोंदींवरून) सावरून घेतं हे खरं, पण त्या भरवशावर राहू नये. स्टॉपमध्ये मुदतीत बंद झालं नाही तरच सिगकिल, म्हणजे किल -९ चाच सिग्नल. ही मुदत एरवी ९० सेकंद असते, युनिट फाइलमध्ये ती बदलता येते. त्यामुळे स्टॉप दिल्यावर टर्मिनल थोडा वेळ गप्प बसलं तर बसू द्या. कंट्रोल-सी दाबून फक्त तुमचं थांबणं संपतं, बंद करण्याचं काम मागे चालूच राहतं.

स्टॉप फक्त आत्तापुरतं असतं. रीबूटनंतरही ती सर्व्हिस नको असेल तर 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ मायएसक्यूएल'. उलट दिशेलाही हेच: नुसतं स्टार्ट करून निघून गेलात आणि इनेबल (रीबूटनंतर आपोआप सुरू होण्याची सोय) करायचं राहिलं, तर रात्री सर्व्हर रीबूट झाला की सकाळी फोन वाजणार. डिसेबल केलेली सर्व्हिसही दुसऱ्या एखाद्या युनिटला लागत असेल तर उठते. तिला कुणीच उठवू नये असं वाटत असेल तर 'सिस्टमसीटीएल मास्क' ने ती पूर्ण अडवून टाका.

एक गंमत सॉकेटची. उबुंटू २२.१० पासून एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्याची सोय) मुळात सॉकेटवर चालतं, म्हणजे कनेक्शनची वाट सिस्टमडीच बघतं. तिथे एसएसएच-डॉट-सर्व्हिस थांबवली तरी एसएसएच-डॉट-सॉकेट पोर्टवर कान देऊन असतं, कनेक्शन आलं की सर्व्हिस हजर. (दूरच्या सर्व्हरवर एसएसएचशी खेळायचंच असेल तर आधी दुसरं सेशन उघडून ठेवा.)

एनजिनेक्ससारख्या वेब सर्व्हरला कॉन्फिग बदलल्यावर रीस्टार्ट कशाला? आधी 'सुडो एनजिनेक्स -टी' ने फाइल तपासा, मग रीलोड, म्हणजे बंद न करता नवी कॉन्फिग वाचायला लावणं. चालू कनेक्शन तुटत नाहीत. रीस्टार्टमध्ये मात्र आधी बंद होतं, आणि कॉन्फिगमध्ये चूक असेल तर ते बंदच राहतं.

सुरू करताना अडलं तर 'सिस्टमसीटीएल स्टेटस' च्या चार ओळींवर भागवू नका, 'जर्नलसीटीएल -यू मायएसक्यूएल -एन ५०' ने लॉगच्या शेवटच्या ५० ओळी बघा. तिथे 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' दिसलं, तर थोड्या वेळात ती फार वेळा पडून उठलीये. एरवीची मर्यादा १० सेकंदांत ५ वेळा. मूळ कारण दुरुस्त करा, मग 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड मायएसक्यूएल' देऊन स्टार्ट करा. आणि त्यासाठी युनिट फाइल हाताने बदलली असेल तर त्याआधी 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड'. नाहीतर सिस्टमडी जुनीच फाइल धरून बसतं.