पन्नाशीत रॉक शोला नाचले, चुकलं का?

प्रश्न: ताई, मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते, वय ५०, बँकेत नोकरी. कॉलेजात असताना रंगभवनला रॉक शो बघायला जायची फार इच्छा होती पण घरून कधी सोडलं नाही. परवा लेकीने नवी मुंबईत एका बँडच्या शोला ओढून नेलं आणि मी दोन तास उड्या मारल्या, ओरडले, शेवटी रडले सुद्धा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरात सतत टेन्शन, त्यातलं तेवढा वेळ काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. नणंद म्हणते ही जबाबदारीपासून पळवाट आहे. आणि तीच गाणी घरी हेडफोनवर लावली तर तसं का होत नाही? कान मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत वाजत होते.

उत्तर: अगं, किती छान वाटलं वाचून! आधी नणंदेचं. पळवाट म्हणजे जो परत येत नाही त्याची. तू रात्री घरी आलीस, सकाळी सासूबाईंचं औषध दिलंच असणार ना? दोन तास तू कुणाची सून नव्हतीस, आई नव्हतीस, कॅश काउंटरवरच्या मॅडम नव्हतीस, नुसती तू होतीस, आणि वर्षानुवर्षं आजारपण काढणाऱ्या बाईला हे मिळायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

हेडफोनवर का होत नाही, तर हेडफोन फक्त कानाला ऐकवतो. स्टेजवरची बास गिटार आणि ड्रमरच्या पायाखालचा मोठा ड्रम यांचे खालचे सूर एवढ्या जोरात येतात की ते छातीत, पोटात, पायाखालच्या जमिनीत लागतात. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक शेजारून गेलं की काळीज हलतं ना, तसंच. त्यात हजारो अनोळखी माणसं एकाच ठेक्यावर उडी मारतात, ते घरच्या सोफ्यावर कुठून आणणार? शिवाय बँड त्या रात्री गाणं लांबवतो, मध्येच थांबून पब्लिककडून गाऊन घेतो, रेकॉर्डिंग कधी तसं करत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये यूटू हा आयरिश रॉक बँड पहिल्यांदा भारतात वाजवायला आले ते नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमलाच, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन शो पण तिथेच झाले, म्हणजे आता यासाठी तुला फार लांब जायला नको, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडली की झालं.

रंगभवनचं वाचून मलाही गलबलून आलं. धोबीतलावचं ते उघडं थिएटर, १९८६ साली सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव तिथे गाजला, आपला महेश तिनईकर रॉक मशीनमध्ये, म्हणजे पुढे जो इंडस क्रीड झाला त्याच बँडमध्ये गिटार वाजवायचा. नंतर तो भाग शांतता क्षेत्रात, म्हणजे लाऊडस्पीकरला बंदी असलेल्या भागात आला आणि तिथले शो बंदच पडले, ते काही आता परत मिळायचं नाही. पण छोट्या हॉलमध्ये, पबमध्ये आपल्याकडची पोरं वाजवतात त्यांना नक्की जा, तिथे गिटारवाल्याची बोटं दिसतात आणि घाम पण दिसतो, मला तर स्टेडियमपेक्षा तेच जास्त आवडतं.

आता कान, आणि हे मात्र सीरियसली घे. आतल्या कानातल्या बारीक पेशींना मार बसला की शिट्टी वाजते, बहुतेक वेळा ती थांबते, पण त्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो, १०० डेसिबलचा जेमतेम १५ मिनिटं, आणि रॉक शोत १०० सहज होतात. म्हणून इअरप्लग घाल, संगीतासाठीचे वेगळे मिळतात, त्यात गाणं गढूळ होत नाही नुसतं हळू होतं, आणि छातीतला ठोका तर तसाच राहतो. स्पीकरच्या अगदी पुढे उभी राहू नकोस, मध्येमध्ये बाहेर जाऊन पाणी पी. आवाज अजूनही वाजत असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल तर मात्र वाट बघू नकोस, लगेच ईएनटीला दाखव.

आणि पुढच्या शोचं तिकीट काढशील तेव्हा नणंदेचं पण काढ, सासूबाईंपाशी त्या रात्री कोण बसेल ते आधी ठरवून टाक, म्हणजे मध्येच फोन बघावा लागणार नाही.