कमरेला पिस्तूल लावलेल्या माणसाशी बोलावं का? डॅलसला येणाऱ्या मैत्रिणीला उत्तर

तू विचारलंयस की नवऱ्याची अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डॅलसला बदली झालीय, मुलगा सहा वर्षांचा आहे, आणि तिथे लोक कमरेला पिस्तूल लावून खुशाल दुकानात फिरतात असं ऐकलंय, तर असा कुणी समोर आला तर त्याला त्याबद्दल विचारलेलं चालतं का, की मान खाली घालून निघून जायचं. व्हिसा, घरभाडं, सामान किती आणायचं हे कंपनीवाले सांगतीलच, ते मी लिहीत नाही. पण तुझा हा प्रश्न वाचला आणि काल रात्री मला झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही २०१७ च्या जुलैत साताऱ्याहून आलो. तोवर मी बंदूक पाहिलेली ती बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या वॉचमनची दुनळी, तेवढीच. पहिल्याच आठवड्यात किराणा घ्यायला गेलो तर बिलाच्या रांगेत पुढे एक माणूस, ट्रॉलीत दूध आणि डायपरचा मोठा पॅक, आणि उजव्या कमरेला पिस्तुलाचं तपकिरी चामड्याचं होल्स्टर, म्हणजे म्यानच, वापरून वापरून कडेला गुळगुळीत झालेलं. माझा मुलगा तेव्हा सहाचाच, त्यामुळे ते बरोब्बर त्याच्या डोळ्यांसमोर येत होतं. तो मोठ्याने म्हणाला, आई, हे काका पोलीस आहेत का? मी त्याचं तोंड दाबलं, अक्षरशः हाताने दाबलं, आणि ट्रॉली तिथेच सोडून त्याला ओढत बाहेर आणलं. त्या माणसाने वळून नुसतं हॅलो म्हटलं होतं. त्या दिवसापासून पोरगं हा विषय माझ्याशी बोलायचं बंदच झालं, आणि ते माझ्यामुळे झालं.

कायदा थोडक्यात सांगते. १ जानेवारी २०१६ पासून टेक्सासमध्ये लायसन्स असलेल्याला पिस्तूल होल्स्टरमध्ये उघडं लावून फिरता येतं, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून, दुसरी काही कायदेशीर बंदी नसेल तर, २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला लायसन्सही लागत नाही. लांब रायफलींना तर आधीपासूनच लागत नव्हतं. दुकानाच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लांबलचक मजकुराची पाटी दिसेल, त्यात ३०.०७ असा कायद्याच्या कलमाचा आकडा असला तर समज की उघडं पिस्तूल आत चालत नाही. २०१९ मध्ये टेक्सासमधल्याच एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला त्यानंतर वॉलमार्ट आणि क्रोगर या दोन्ही मोठ्या दुकानवाल्यांनी गिऱ्हाइकांना विनंती केली की उघडं लावून येऊ नका. त्यामुळे रोज दिसतं असं नाही, बहुतेक लोक शर्टाखालीच ठेवतात.

आता विचारायचं कसं. हे मला आमच्या शेजारच्या आजोबांनी शिकवलं, सैन्यातून रिटायर झालेले, रोज संध्याकाळी लॉनला पाणी घालताना कमरेला असायचंच. मला त्यांना विचारायला तीन वर्षं लागली. ते म्हणाले, बाई, विचारलंस ते बरं केलंस, लोक नुसते बघतात आणि मुलांना आत घेतात त्याचं जास्त वाईट वाटतं. तर मागून जायचं नाही, समोरून जायचं, आधी दोन शब्द हवापाण्याचे बोलायचे, मग म्हणायचं की मी इथे नवीन आहे, आमच्याकडे असं नसतं, विचारलं तर चालेल का. नाही म्हणाला तर सॉरी म्हणून विषय सोडून द्यायचा. रांगेत, पार्किंगमध्ये रात्री, किंवा तो घाईत असताना विचारायचं नाही. भरलेली आहे का हे विचारू नकोस, भरलेली आहे असंच धरून चालायचं. कितीला घेतली, घरात किती आहेत हेही नको, ते आपल्याकडे बायकांना सोनं किती तोळे विचारण्यासारखं आहे. मोबाइल काढून फोटो तर अजिबात नाही. आणि काढून दाखवा असं कधीही म्हणायचं नाही, भर दुकानात कुणी घाबरेल असं पिस्तूल काढणं त्याच्याही अंगाशी येऊ शकतं. पोलिसाला तर विचारायचंच नाही.

एक गोष्ट नवऱ्याला नीट सांग. ऑफिसातले लोक प्रेमाने म्हणतील चल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, मजा येते. नोकरीचे एच वन, एल वन, सोबत येणाऱ्या आपले एच फोर, या व्हिसांवर असताना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. वकिलाला विचारल्याशिवाय हातात धरायचीसुद्धा नाही.

आता जे अजून सलतंय ते. शाळेत नाव घालताना एक फॉर्म असतो, घरी कुठली भाषा बोलता. मी अभिमानाने मराठी लिहिलं. त्यावरून त्याची इंग्रजीची टेस्ट झाली आणि दोन वर्षं त्याला रोज वर्गातून उठवून वेगळं बसवलं, साताऱ्यात इंग्लिश मीडियमला होता तो. बीसीजीच्या लसीमुळे टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते हे तीन वेळा समजावलं तरी एक्स-रे काढायला लावला, कागद तिकडून मागवा, नोटरी करा, ते सगळं सोसलं. पण दुसरीत असताना वर्गात दिवाळीबद्दल सांगायचं होतं, तर हा म्हणाला, माझ्या आजोबांच्या घरी माझं पिस्तूल आहे, आजोबा भरून देतात आणि मी उडवतो. टिकल्यांचं गं! लाल रोलवालं! मला कामावरून बोलावून घेतलं. टेबलाच्या पलीकडे तिघं, आणि माझा सात वर्षांचा मुलगा बाहेर बाकावर दप्तर मांडीवर घेऊन. घरात शस्त्र आहे का, तुम्ही ओरडता का, तो कुणावर चिडतो का. टिकली म्हणजे काय हे मी इंटरनेटवर फोटो काढून दाखवलं तेव्हा ते निवळले, पण कागद फाइलला लागला तो लागलाच. माफी कुणी मागितली नाही. आता मला त्यांची भीती कळते, २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युवाल्डीला शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, २०२३ मध्ये आमच्यापासून पंधरा मिनिटांवरच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण गेले, त्यात हैदराबादची एक इंजिनियर मुलगी होती, आम्ही त्या मॉलमध्ये नेहमी जायचो. कळतं सगळं. तरी तो बाक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून अनोळखी माणसाला विचारायचं की नाही यापेक्षा ओळखीच्यांना विचारायला शीक. मुलगा कुणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर आधी त्या आईला मेसेज कर, घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात असते का, गोळ्या वेगळ्या ठेवता का. इथले मुलांचे डॉक्टरही हेच सांगतात. भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नंतर येतो. मी संकोचाने एका घरी नाही विचारलं. कुणाला काही झालं नाही. दोन वर्षांनी मुलगा सहज बोलून गेला की त्या मित्राच्या बाबांच्या उशाशी ड्रॉवरमध्ये होती, आम्ही दोघांनी बघितली होती. मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंस, तर म्हणाला, तुला आवडत नाही ना तो विषय.

एकटेपणाचं विचारलंयस, तो येतो, पहिला हिवाळा जड जातो, मग महाराष्ट्र मंडळ, फ्रिस्कोचं हनुमान मंदिर, चालून जातं, त्यात काही विशेष नाही.

मागच्या दिवाळीला साताऱ्याला गेलो होतो. बाबांनी हौसेने टिकल्यांच्या डब्या आणून जपून ठेवलेल्या, तेच जुनं पिस्तूल पुसून. मुलगा आता चौदाचा आहे. त्याने आजोबांना नमस्कार केला, थँक्यू म्हणाला आणि डबी परत कपाटात ठेवून आला. बाबांनी मला विचारलं, मोठा झाला का गं एवढा? मी हो म्हटलं.

घर कुठल्या भागात बघताय ते कळव. आणि येताना लसीकरणाचं मूळ कार्ड हॅंडबॅगेत ठेव, चेक-इन बॅगेत नको.