वासाच्या स्मृतीवर काम सुरू करतेयस ना? मग हे ऐक

अगो, आधी 'डोपामाइन म्हणजे आनंद' हे समीकरण डोक्यातून काढ. डोपामाइन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन. गंधकंदात, म्हणजे नाकाकडून वासाचा संदेश मेंदूच्या ज्या भागात आधी पोचतो तिथे, डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तिथल्याच असतात, आणि नाकाकडून आलेला संदेश त्या दारातच मंद करतात. सेरोटोनिन, अ‍ॅसिटिलकोलीन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही तशीच निरोपी रसायनं मात्र मेंदूच्या इतर भागांतून येतात. अ‍ॅसिटिलकोलीन जवळजवळच्या वासांतला फरक ठळक करतं. हुर्राक आणि फेणी या काजूच्या दोन दारू नुसत्या वासावर ओळखायची तर हेच कामाला येतं.

तू वाच खरं तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनबद्दल. मेंढी व्यायली की काही तासांतच ती आपल्या कोकराचा वास पक्का शिकते, परक्याला ढुशी मारून हाकलते. गंधकंदाला होणारा नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पुरवठा तोडला, की बऱ्याच मेंढ्या परक्या पिल्लालाही दूध पाजतात! सुरंगीच्या वळेसराने (गजऱ्याने) तुला आजी आठवते, त्यामागेही असलंच काही असेल असं मला वाटतं. पण अहवालात ते लिहू नकोस, मेंढीवरून आजीवर उडी मारता येत नाही.

आणि हो, काजूच्या मोसमात भट्टीच्या वाऱ्यावर चाचण्या घेऊ नकोस. नाक त्याच वासाला सरावतं. माझा अख्खा आठवडा असाच वाया गेला होता.