फितूर कोण आणि हेर कोण?

प्रश्न असा आहे: क्रांतिकारकांच्या गटात खरी ओळख लपवून राहणाऱ्या पोलिसांच्या माणसाला ‘फितूर’ म्हणावं का?

मुळीच नाही. हल्ली व्याख्यानांत, मालिकांत असा कुणीही दिसला की ठोकून देतात, ‘फितुराने घात केला’. अहो, फितायला माणूस आधी आपला असावा लागतो! १९१५ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या गदर उठावात किरपालसिंग शिरला तो पोलिसांतर्फेच. २१ फेब्रुवारीचा बेत फुटला म्हणून तारीख १९ वर आणली, तर तीही त्यानेच पोहोचवली. तो हेर. बंगाली क्रांतिकारकांवरच्या अलीपूर बॉम्ब खटल्यातला नरेन गोस्वामी मात्र मुळात त्यांच्याच गटातला. पकडल्यावर माफीचा साक्षीदार झाला आणि १९०८ मध्ये तुरुंगातच कन्हाईलाल दत्त व सत्येंद्रनाथ बोस यांनी त्याला गोळ्या घातल्या. तो फितूर.

‘हेर’ हेरण्यातला, हे शेंबडं पोरही सांगेल. खरी मजा ‘फितूर’मध्ये आहे. अरबीत ‘फुतूर’ म्हणजे सैल पडणं, जोर ओसरणं. त्याच धातूचा ‘फातिर’ म्हणजे कोमट. म्हणजे ज्याची निष्ठा निवली, तो फितूर! काही विद्वान हा शब्द ‘फितना’पासून ओढून आणतात. फितना म्हणजे बखेडा, अर्थ जवळचा आहे, कबूल. पण शेवटचा ‘र’ कुठून उगवला? यावर ते गप्प. माझ्या मते ‘फितणे’, ‘फितवणे’ ही क्रियापदंही मराठीने फितूरमधला ‘र’ झटकूनच घडवली. (‘मग र तुम्हीही उडवलात की!’ असं कुणी म्हणेल. शब्दातलं अक्षर गळतं. नसलेलं असं सहज उगवत नाही.)

शिवाय जुन्या मराठीत फितूर हे कृत्य, कारस्थान; ते करणारा फितुरी. तेलुगूत तर ‘पितूरी’ म्हणजे सरळ बंडच. आंध्रातले क्रांतिकारक अल्लुरी सीताराम राजू यांचा ब्रिटिशांविरुद्धचा १९२२–२४ चा रम्पा उठाव मद्रास सरकारच्या लेखी ‘फितुरी’ होता. घ्या, म्हणजे क्रांतिकारकच फितुरी ठरले!

आता दोन्हीकडे बसणारा एक: रशियाचा येवनो अझेफ. १८९३ पासून पोलिसांचा पगारी खबऱ्या, पुढे समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या हत्या करणाऱ्या पथकाचा प्रमुख. १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हेला मारण्याचा कट याच्याच नेतृत्वाखालचा. पक्षाच्या लेखी तो हेर. पोलिसांनी मात्र त्याला बेलाशक फितूर म्हणावं. प्लेव्हे त्यांच्याच खात्याचा मंत्री होता.